कविकट्ट्यासारखा कादंबरीकट्टाही हवा

महोदय,
फेब्रुवारी २०२५मध्ये दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये भरलेल्या ९८व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला मी पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित पिशवीत घेऊन गेले होते. लोकसाहित्याच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर अध्यक्षस्थानी, हे पाहूनच मोठं बळ आलं.

संमेलनात नवख्या कवीला कविकट्ट्यावर दोन मिनिटं तरी मिळतात. कादंबरीची तीनशे पानं तिथे कशी वाचणार? म्हणून सुचवावंसं वाटतं : नवोदितांकडून एकेक प्रकरण आधी मागवावं आणि अनुभवी संपादकाने लेखकाला समोर बसवून त्यावर अर्धा तास बोलावं. ग्रंथप्रदर्शनाच्या मांडवात दोन खुर्च्या पुरतील. माझं प्रकरण तयार आहे.

– एक वाचक, सांगली