‘चढली आहे’ हे ठरवणारे तुम्ही कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘कॅसिनोत घेतलं नाही ना? बरंच झालं, पैसे वाचले!’ माझ्या भावाची हकीकत ऐकून नाशकातले बहुतेक जण हेच म्हणाले. त्या कॅसिनोवाल्यांपेक्षा या बोलण्याचा मला जास्त संताप आला.

भावाला सेरेब्रल पाल्सी आहे. चालताना तोल जातो, बोलताना शब्द ओढले जातात. सातपूरच्या एका कारखान्याचे हिशेब तो चोख ठेवतो. मित्रांबरोबर आम्ही गोव्याला गेलो, बोटीवरच्या कॅसिनोची आगाऊ तिकिटं काढली. पणजीच्या धक्क्यावर पहारेकरी त्याच्याशी न बोलता मला म्हणाला, “इनको चढ गयी है.” भावाने यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, पुढे केलं. मग सुपरवायझर आला आणि कारणच बदललं: बोट हलते, पडला तर जबाबदारी कोणाची? मघाशी दारू, आता काळजी!

जुगार मलाही आवडत नाही. पण गोव्यात २१ वर्षांखालच्यांना आणि २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत बंदी आहे ती सरकारी नियमाने. दिव्यांगांना बंदी कुठल्या नियमात आहे? तर्र झालेल्याला जरूर अडवा, पण आधी विचारा, कार्ड बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं तिसरं कलम अपंगत्वावरून भेदभाव करायला मनाई करतं. अपवाद आहे, पण हेतू रास्त आणि उपाय प्रमाणात असेल तरच. २०१२ मध्ये दिव्यांग हक्क कार्यकर्त्या जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सीमुळे कोलकात्याहून गोव्याला निघालेल्या विमानातून उतरवलं होतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला त्यांना दहा लाखांची भरपाई द्यायला लावली. दिव्यांग कायद्यात मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त दहा हजार. कॅसिनोला त्याचं काय!

स्वतःच्या कमाईतले दोन हजार हरायचे की नाही, हे चाळिशीतल्या माणसाने स्वतः ठरवायचं असतं. ‘बरंच झालं’ म्हणणारे त्याला लहान मूल समजतात. त्याच्या मित्रांना हे कुणी म्हणालं नाही.

दिव्यांग कायद्याखालची तक्रार गोव्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. शिवाय तिकीट काढलेलं असल्याने, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, राहत्या जिल्ह्यातल्या आयोगाकडेही जाता येतं. आम्ही नाशिकच्या आयोगाकडे जात आहोत. हॉटेलात, पबमध्ये, वॉटर पार्कला असं घडलं तर तिकीट जपून ठेवा आणि नकाराचं कारण लेखी मागा. आम्ही मागितलं, तेव्हा सुपरवायझर तिथून निघूनच गेला.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक