जन्मजात संप्रेरक-विकार: घाई नेमकी कशाची?

मा. संपादक,
स. न.

संप्रेरकांच्या जन्मजात विकारांसह जन्मलेल्या मुलांविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत लेख आला, त्याबद्दल आभार. या विषयावर घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. मात्र ‘हे मूल पुढे मुलगा होणार की मुलगी?’ या एकाच प्रश्नाभोवती सगळा लेख फिरतो, आणि बालरोगतज्ज्ञ म्हणून मला तेच खटकले.

यांतला सर्वांत परिचित विकार म्हणजे सीएएच (कंजेनिटल अॅड्रिनल हायपरप्लेसिया). साधारण पंधरा हजार जन्मांमागे एका बाळाला त्याचे तीव्र रूप असते. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींत एका विकराची (एन्झाइमची) उणीव असते. त्यामुळे कॉर्टिसॉल हे शरीराला आवश्यक संप्रेरक पुरेसे तयार होत नाही आणि पुरुषी संप्रेरके, म्हणजे अँड्रोजेन, गर्भातच वाढतात. मुलीचे बाह्य जननेंद्रिय जन्मतः वेगळे दिसते ते यामुळे. गर्भाशय आणि बीजांडकोश मात्र व्यवस्थित असतात, पुढे ती आईही होऊ शकते. पालक दिसण्यापाशीच अडकतात, आणि खरा धोका मिठाचा असतो. तीव्र रूपाच्या सुमारे तीन-चतुर्थांश बाळांच्या शरीरातून सोडियम वाहून जाते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ दगावूही शकते. वेळेवर हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारे औषध, आणि क्षार टिकवणारे औषध मिळाले तर तेच बाळ शाळेत जाते, खेळते, मोठे होते. घाई करायची ती इथे.

आता मुलगा-मुलगीच्या प्रश्नाकडे येते. सीएएच असलेल्या मुली सरासरीने आपल्या बहिणींपेक्षा गाड्या आणि जोडणीची खेळणी जास्त निवडतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. गर्भातल्या अँड्रोजेनचा हा परिणाम असावा, असे मानले जाते. पण मुलगी ट्रकशी खेळते म्हणून ती मनाने मुलगा, हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. मुलगी म्हणून वाढलेल्या यांपैकी बहुतेक जणी स्वतःला मुलगीच मानतात. काही थोड्यांना तसे वाटत नाही, आणि त्यांचे म्हणणेही तितक्याच गांभीर्याने ऐकायला हवे.

इतर विकारांत चित्र आणखी निराळे आहे. अँड्रोजेनला शरीर अजिबात प्रतिसाद देत नाही अशा स्थितीत गुणसूत्रे एक्सवाय, म्हणजे सहसा पुरुषांत असतात तशी, असतात, तरी ती व्यक्ती बहुधा स्त्री म्हणूनच सुखाने जगते. याउलट ५-अल्फा रिडक्टेज या विकराच्या उणिवेत एक्सवाय गुणसूत्रे असूनही मुलगी म्हणून वाढवलेली काही मुले पौगंडावस्थेत शरीर आपोआप पुरुषासारखे बदलल्यावर पुरुष म्हणून राहू लागतात. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या अशा कुटुंबांचे वर्णन १९७४ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तेव्हा गुणसूत्रांचा अहवाल किंवा एखाद्या संप्रेरकाचा आकडा पाहून मूल पुढे स्वतःला काय समजेल, हे कुणीही छातीठोकपणे सांगू नये.

म्हणूनच केवळ दिसणे ‘नीट’ करण्यासाठी तान्ह्या बाळावर शस्त्रक्रिया करण्याला माझा विरोध आहे. लघवीचा मार्ग अडला असेल तर गोष्ट वेगळी. एरवी संवेदना कायमची गमावण्याचा धोका असतो, आणि ज्याचे शरीर आहे त्याला अजून बोलताही येत नाही. माल्टाने २०१५ मध्ये अशा शस्त्रक्रियांवर कायद्याने बंदी घातली. बाळाला मुलगा किंवा मुलगी म्हणून वाढवायला त्यांची गरज नसते. आणखी एक, विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून या मुलांचे कपडे पुन्हापुन्हा उतरवणे आम्ही डॉक्टरांनी थांबवले पाहिजे. त्या तपासण्यांची लाज मुले मोठेपणीही बाळगतात. घरी मात्र वयाला झेपेल तसे सगळे खरे सांगत जावे.

पुढच्या लेखासोबत एक चौकट जरूर छापा. पहिल्या काही आठवड्यांत बाळ सारखे उलट्या करत असेल, दूध ओढत नसेल, वजन घटत असेल, मलूल पडत असेल, तर रक्तातले सोडियम, पोटॅशियम आणि १७-ओएचपी (सीएएचमध्ये वाढणारे एक संप्रेरक) यांची तपासणी तातडीने करून घ्यावी. हे मुलग्यांच्या पालकांनी तर विशेष लक्षात ठेवावे, कारण सीएएच असलेला मुलगा जन्मतः बहुधा अगदी नेहमीसारखा दिसतो आणि कुणाला शंकाही येत नाही.

आपली,
एक बालरोगतज्ज्ञ