अकरा चिठ्ठ्या : आमच्या औषधवाल्या काकांना अनावृत पत्र

सांगली

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र मी २०२० सालीच लिहायला हवे होते. तेव्हा तुमच्या काउंटरसमोर उभे राहून आभार मानू लागले, की मागच्या खडूच्या वर्तुळातला माणूस घसा खाकरायचा, आणि त्या दिवसांत कोणी घसा खाकरला की सगळी रांग वळून पाहायची. पुढे रांगा संपल्या आणि आभारही राहून गेले. परवा कपाट आवरताना तुमच्या हस्ताक्षरातल्या अकरा चिठ्ठ्या हाती लागल्या, म्हणून आज लिहायला बसले आहे. तुमचे नाव मात्र घालत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही.

मला २०११ पासून ल्युपस आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, कधी मूत्रपिंडांवर उलटते असा हा आजार; तो बरा होत नाही, आवरून धरावा लागतो. माझ्या बाबतीत हे काम मुख्यतः दोनशे मिलिग्रॅमची हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची एक गोळी करीत आली आहे, जी मी रोज रात्री जेवणानंतर घेते. नऊ वर्षांत या गोळीचे नाव माझ्या घरातही कोणाला धड उच्चारता येत नव्हते. मार्च २०२० मध्ये ते टीव्हीवर तासातासाला ऐकू येऊ लागले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी तिची तोंड भरून स्तुती केली, २३ मार्चला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने कोरोनाबाधितांची शुश्रूषा करणाऱ्यांना ती प्रतिबंधक म्हणून घेण्याची शिफारस केली, आणि ही शिफारस नेमकी कोणासाठी आहे हे न पाहताच माणसे औषधांच्या दुकानांकडे धावली. आमच्याच इमारतीतल्या एका सद्गृहस्थांनी मला जिन्यात गाठून, "तुमच्याकडे साठा असेलच, दोन पट्ट्या द्या की, घरात असाव्यात," असे म्हटले. माझ्याकडे त्या दिवशी सहा गोळ्या होत्या.

२६ मार्चला केंद्र सरकारने ही गोळी एच-१ परिशिष्टात घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाही आणि विकल्यावर डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव आणि किती दिली ते वेगळ्या नोंदवहीत लिहून ठेवायचे. नियम योग्यच होता, पण तो येईपर्यंत फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. दोन दुकानांतून मला पायरीवरूनच हात हलवून परत पाठवण्यात आले. तिसरे दुकान तुमचे.

तुमच्याकडेही त्या दिवशी गोळी नव्हती. तुम्ही चिठ्ठी वाचलीत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि विचारलेत, "बाई, किती दिवसांच्या शिल्लक आहेत?" हा प्रश्न तोवर मला कोणीही विचारला नव्हता. मग तुम्ही सरकारी नोंदवही बाजूला सारून खालच्या खणातून एक दोनशेपानी वही काढलीत आणि तिच्यात माझे नाव, गोळी, शिल्लक आणि फोन नंबर लिहून घेतलात. या गोळीवर कायम असणारे तुमचे सात रुग्ण त्या पानावर होते, मी आठवी. माल येईल तसा आठ जणांत वाटायचा, कोणालाही एका वेळी दहापेक्षा जास्त द्यायच्या नाहीत, ज्याची शिल्लक सर्वांत कमी त्याचा नंबर आधी, एवढाच तुमचा हिशेब होता. ऑगस्ट २०१९ च्या पुरात, आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा, तुमचा छातीइतक्या उंचीपर्यंतचा सगळा माल गेला होता आणि माळ्यावर टाकलेल्या वह्या तेवढ्या वाचल्या होत्या. "माल परत भरता येतो, कोणाला काय लागतं ते पाठ नसतं हो," असे तुम्ही नंतर एकदा म्हणालात.

पट्टी अर्धी द्यायची असली की ती कापण्याची तुमची पद्धत मी त्या काळात बारकाईने पाहिली. औषधाची मुदत छापलेले टोक तुम्ही उरलेल्या तुकड्याबरोबर ठेवत असा, आणि गिऱ्हाइकाच्या हाती मुदत नसलेला तुकडा जातो म्हणून कागदाच्या कपट्यावर बॅच नंबर आणि मुदत लिहून तो रबराने पट्टीला बांधून देत असा. मागे वीस माणसे खोळंबलेली असतानाही हे कधी चुकले नाही. माझ्याकडच्या अकरा चिठ्ठ्या त्याच.

उन्हाची गोष्टही लिहायला हवी. ल्युपसच्या रुग्णाला ऊन सोसत नाही. चेहऱ्यावर चट्टे उठतात आणि कधी सगळा आजारच उसळतो. एप्रिलमधल्या सांगलीच्या उन्हात मी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि छत्री घेऊन रांगेत उभी राहत असे आणि लोक मला विक्षिप्त समजत. तुम्ही काही विचारले नाहीत. पुढच्या खेपेला पत्र्याच्या सावलीत एक वर्तुळ जास्तीचे आखलेले होते आणि त्यात खडूने 'बाई' असे लिहिलेले होते.

गोळ्या पुरवून पुरवून घ्याव्यात, असा विचार माझ्या मनात येताच तुम्ही दरडावलेत, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीसुद्धा चुकवायची नाही. डॉक्टरांनी फोनवर समजावले, की हे औषध शरीरात कित्येक आठवडे टिकून राहते, त्यामुळे तुटवड्याचे काही दिवस ती एक दिवसाआड घेतली तर लगेच काही बिघडणार नाही. मात्र स्टेरॉइडच्या गोळीत स्वतःहून काहीही बदल करायचा नाही. त्या रात्री मी महिन्याभरात प्रथमच सलग झोपले.

तरीही हे पत्र मी प्रामुख्याने गोळ्यांसाठी लिहीत नाही. त्या दिवसांत रोज संध्याकाळी मृतांचा आकडा यायचा आणि त्याच्यापाठोपाठ, यांपैकी इतक्यांना मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयरोग असे अतिजोखमीचे आजार होते, हे वाक्य यायचे. निरोगी माणसाला त्यात दिलासा मिळत असावा. आमच्यासारख्यांना ते आपल्या नावाची नोंद आधीच करून ठेवल्यासारखे वाटे. घरात मुले मला भाजीच्या पिशवीला हात लावू देत नव्हती, शाळेने माझे ऑनलाइन तास कमी केले, आणि सर्वांच्या काळजीखाली मी पार निरुपयोगी होऊन बसले होते. आनंदी राहा, सकारात्मक विचार करा, असे संदेश सकाळ-संध्याकाळ येत. ते मी न वाचताच पुसत असे.

मे महिन्यात एके सकाळी तुमचा फोन आला. तासगावकडच्या एका मुलीची गोळी संपून चार दिवस झाले होते आणि तिची लघवीची तपासणी बिघडली होती. "बाई, आलेल्या दहा गोळ्या तुमच्या नंबरच्या आहेत. तुमच्याकडे शिल्लक किती? तिला दिल्या तर चालेल का? नाही म्हणालात तरी राग नाही." माझ्याकडे नऊ होत्या. मी हो म्हटले आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन, कोणालाही न विचारता, पुरणपोळ्या करायला घेतल्या. कित्येक आठवड्यांत माझ्याकडे कोणी काही मागितले नव्हते. आजारी माणसाला सगळे देतात, काका; त्याच्याकडे मागण्याची हिंमत फार थोड्यांना होते.

जूनमध्ये इंग्लंडमधल्या चाचणीतून ही गोळी रुग्णालयातल्या कोरोना रुग्णांना उपयोगी पडत नसल्याचे जाहीर झाले, हळूहळू गर्दी ओसरली आणि गोळी पुन्हा आमची, अप्रसिद्ध, झाली. पण तुमच्याकडून उचललेली सवय राहिली. मीही एक वही केली: शिल्लक गोळ्या, रक्ततपासणीच्या तारखा, वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी (ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्याला ती चुकवता येत नाही), आणि सूर्य मावळल्यावर गच्चीवर घातलेल्या फेऱ्या. भीती वाटली की मी वही उघडून शिल्लक मोजत असे. मार्च २०२१ मध्ये पंचेचाळिशीपुढच्या सहव्याधी असलेल्यांचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणायची आठवणही पहिल्यांदा तुम्हीच केलीत.

एक शंका तेवढी राहिली आहे. अकरापैकी एका चिठ्ठीच्या मागे 'दोन बाकी' असे तुमच्या अक्षरात लिहिलेले आहे. त्या दोन गोळ्या माझ्याकडून तुम्हाला येणे आहेत की तुमच्याकडून मला, ते आता आठवत नाही. वही पाहून कळवावे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली,
पत्र्याखालच्या वर्तुळातली
छत्रीवाली बाई