हिशेबाला बाहेरचा माणूस ठेव

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझ्या कारखान्याचं बोलताना म्हणालास, "आई, काम भरपूर आहे, पण खात्यावर पैसाच राहत नाही." आणि लगेच पुढे, "हिशेबाला माणूस ठेवायचा म्हणजे महिना आठ हजार उगाच." दोन्ही एका दमात बोललास, म्हणून हे पत्र. फोनवर तू मधेच "बरं बरं" करून ठेवून देतोस.

बँकेत कर्ज विभागात असताना शिरोली आणि गोकुळ शिरगाव या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांच्या किती फायली माझ्या हाताखालून गेल्या. तोट्यात बुडालेले त्यात थोडे. ऑर्डरी आहेत, ताळेबंदात नफा आहे आणि तरी पगाराच्या दिवशी लिमिट, म्हणजे कर्जाची मर्यादा, वाढवून मागायला दारात उभे, असेच जास्त. त्यांचे सीए काही वाईट नव्हते. पण सीएकडे बिलांची पिशवी जायची रिटर्नच्या तोंडावर, तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं.

तुझंच एक बिल घेऊ. समजा, मार्चमध्ये एक लाखाचे यंत्राचे सुटे भाग, पिना आणि बुश, दिलेस, वर १८ टक्के जीएसटी. पार्टी पैसे देणार नव्वद दिवसांनी, म्हणजे जूनअखेर. जीएसटी मात्र २० एप्रिलच्या आत भरायचा. अठरा हजारांतून तुझ्या खरेदीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीच्या बिलांवरचा जीएसटी, वजा जाईल. उरलेलं तू सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाच्या खात्यातून भरणार, बँकेला व्याज देऊन. हातात न आलेल्या पैशावरचा कर उसनवारीने भरतोयस. काम वाढेल तशी ही उसनवारीही वाढते. तुझ्या कोड्याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

त्यात ते खरेदीचं क्रेडिट तरी पुरतं मिळतंय का? धातूचे बार देणाऱ्यानं त्याच्या विक्रीचं विवरण, जीएसटीआर-१, वेळेत भरलं नाही, तर ते बिल तुझ्या २बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत, दिसत नाही. आणि १ जानेवारी २०२२ पासून तिथं न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही. २बी येतो १४ तारखेला, भरणा २० ला. मधल्या सहा दिवसांत कुणीतरी बिलासमोर बिल लावून बघायला हवं, राहिलेल्यांना फोन करायला हवा, त्यांच्या पेमेंटमधून तेवढा जीएसटी अडवायला हवा. तू त्या वेळी मशीनवर असतोस, आणि तिथंच असायला हवास.

आता येणी. तुझी उद्यम, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी आहे, पण नंबर बिलावर छापलेला नाही. का बरं? २००६ च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांत द्यायला लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, ती मुदत चुकवली तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या पार्टीला तो खर्च आयकरात धरता येत नाही. त्यांचं अकाउंट्स हे जाणून असतं. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर कारखाना चालतो तेव्हा नोटिसा पाठवता येत नाहीत, हे मलाही कळतं. पण दर महिन्याला तुझ्या हिशेबनिसाकडून त्यांच्या अकाउंट्सला थकबाकीचा उतारा जायला काय हरकत आहे? तू त्यांच्या पर्चेसवाल्याबरोबर चहा पितोस, तुला मागायला जड जातं. बाहेरच्या माणसाला ती भीड नसते.

ती भीड त्याला तुझीही नसते, हे दुसरं. नव्या घराच्या फरशीचं बिल कारखान्याच्या खात्यातून गेलं, हे मला पासबुकात दिसलं होतं. मी बोलले असते तर घरात दोन दिवस अबोला. तो "हे मालकाच्या उचलीत टाकू का?" एवढंच विचारील आणि विषय संपेल.

दराचं तर बोलायलाच नको. शेजारचा गाळेवाला तासाला साडेतीनशे घेतो म्हणून तूही साडेतीनशे. त्याच्या मशीनचे हप्ते फिटलेत, तुझे चालू आहेत! व्याज, घसारा, वीज, ऑपरेटर, कटिंगचे इन्सर्ट, गाळ्याचं भाडं हे सगळं धरून तासाचा खर्च काढायचा आणि मशीन खरोखर किती तास धातू कापतं त्यानं भागायचं. पन्नास नगांच्या लॉटला दोन तास सेटिंगलाच जातात, ते तू कोटेशनमध्ये कुठं धरतोस? असा जॉबवार हिशेब मांडला की एक-दोन जॉब सोडून द्यावेसे वाटतील. टर्निंगचं स्क्रॅपही बिल करूनच विक.

आणि नव्वद दिवसांवरची येणी बँका साधारणपणे ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे माल आणि येणी बघून उचलू देतात त्या रकमेत, धरत नाहीत. जुनी उधारी साचली की लिमिटही आतून आक्रसतं. बँकेला द्यायचं मालाचं स्टॉक स्टेटमेंट अंदाजानं भरणारे आम्ही पहिल्या दोन महिन्यांत ओळखायचो.

तेव्हा आठवड्यातून दोन दिवस येणारा जाणता माणूस बघ. सीए आहेत ते राहू देत, त्यांचं काम वेगळं. नुसतं "टॅलीत एंट्र्या मारतो" म्हणणारा नको. दर महिन्याच्या १० तारखेच्या आत तीन कागद हातात देणारा हवा: कुणाची येणी किती दिवसांची, पुढच्या सहा आठवड्यांत काय येणार आणि काय जाणार, कुठल्या जॉबला काय सुटलं. ते तू वाचायचेस. वाचणार नसशील तर आठ हजार खरंच वाचव.

एक मात्र आजच बघ. जीएसटी पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे? पुष्कळ ठिकाणी हिशेबनिसाचाच असतो. तो काम सोडून गेला की नोटीस आल्याचा मेसेज त्याला जातो आणि मालकाला पत्ताच नसतो. नंबर तुझा, ओटीपी तुझा, डिजिटल सही तुझ्या कपाटात. आणि सह्या केलेले कोरे चेक ड्रॉवरमध्ये ठेवायचं बंद कर.

रविवारी येताना बँकेचं स्टेटमेंट आणि येण्यांची यादी घेऊन ये. जेवणाआधीच बसू, जेवल्यावर तू झोपतोस.

तुझी,
आई