सल्लागार मिशनच्या बातम्या का नसतात?

संपादक साहेब,

युक्रेनच्या बातम्यांत ड्रोन, रणगाडे सगळं येतं पण युरोपियन युनियनचं तिथलं सल्लागार मिशन कधी वाचायला मिळत नाही म्हणून लिहितोय. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेलं हे मिशन सैनिकांचं नाहीच, पोलीस आणि कायद्यातले जाणकार लोक तिथल्या पोलिसांना, सरकारी वकिलांना, कोर्टांना कामाची पद्धत कशी सुधारायची ते सांगतात, बस, स्वतः कुणाला अटक करू शकत नाहीत. २०२२ च्या हल्ल्यानंतर युद्धगुन्ह्यांच्या तपासातही मदत सुरू झाली, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

नुसत्या सल्ल्याने काय होणार असं कुणी म्हणेल. पण कोसोव्होत २००८ ला आलेल्या युलेक्स या युनियनच्याच मिशनकडे तर स्वतःचे जज होते, थेट खटले चालवायचे, तरी युनियनच्याच ऑडिटर्सनी २०१२ मध्ये काम पुरेसं परिणामकारक नाही असं सांगितलं. आणि नायजर? तिथं २०१२ पासून युनियनच्या मिशनचं पोलिसांना ट्रेनिंग चालू होतं, जुलै २०२३ मध्ये प्रेसिडेंटच्याच गार्डनी बंड केलं आणि डिसेंबरात लष्करी राजवटीनं मिशनची परवानगीच काढून घेतली! म्हणजे वरचं सरकारच बदललं की खालच्या पोलिसाला शिकवून उपयोग किती, हा प्रश्न राहतोच ना.

यावर एखादा सविस्तर लेख छापा. फक्त किती वर्कशॉप झाले ते आकडे नकोत, त्यानंतर कोर्टात केसेस टिकल्या का ते लिहा.

– एक नियमित वाचक