मंडळीच्या इतिहासासाठी जुने कागद आणा

सर्व सभासदांना सलाम. येत्या रविवारी उपासना संपली की लगेच, साडेदहाला, मंडळीच्या हॉलमध्ये इतिहास-समिती बसणार आहे.

अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी विल्यम टेलर यांनी 1871 मध्ये मुंबईत काम सुरू केलं, मेथडिस्ट चर्च इन इंडिया 1981 मध्ये स्वायत्त झालं, हे छापील मिळतं. आपल्या गावाचं मात्र घरोघरच्या ट्रंकांतच पडून आहे.

– बाप्तिस्म्याचे, लग्नाचे दाखले, पाळकांची पत्रं, संडे स्कूलचे फोटो आणा.
– फोटोमागे नावं मऊ पेन्सिलीनेच लिहा. बॉलपेनचे वळ पुढे उमटतात.
– मूळ कागद ठेवून घेणार नाही. तिथेच स्कॅन करून परत.
– कृपया काहीही लॅमिनेट करू नका!

आजी-आजोबांना आणणं-सोडणं तरुण संघाकडे. चहा आहे.

– सचिव