आई, तू विचारलंस ना, बळ कुठून येतं

लंडन, ८ मे २०२३

ती. आई-बाबा,
सा. न.

पत्र मोबाईलवरच टाइप करतेय. वहिनी वाचून दाखवेल, पण बाबा तुम्ही चष्मा लावून स्वतः वाचा, अक्षर मोठं करता येतं, वहिनीला सांगा. आज इथे राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकाची म्हणून सोमवारी सगळ्या देशाला सुट्टी आहे आणि माझीही ड्युटी नाही. राब भाजून झाला का, आईचा गुडघा कसा आहे, बीपीची गोळी वेळेवर घेतेस ना, हे सगळं मी फोनवर विचारतेच, पण हे पत्र वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. गेल्या आठवड्यात आई तू म्हणालीस, बाई गं, एवढ्या लांब, एकटी, दिवसरात्र आजारी माणसांत, तुला बळ कुठून येतं? तेव्हा वॉर्डातून हाक आली आणि फोन ठेवावा लागला. पण उत्तर आहे माझ्याकडे आणि ते मला दोघांनाही नीट सांगायचंय.

आधी शनिवारचं सांगते, कारण बाबा तुम्ही त्याचीच वाट बघत असाल. तुम्ही गावी टीव्हीसमोर बसलात तेव्हा तिकडे दुपारचे साडेतीन, इकडे सकाळचे अकरा, आणि मी राजवाड्याकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, द मॉल म्हणतात त्याला, रेनकोट घालून गर्दीत उभी होते. सोबत वॉर्डातल्या दोघीजणी, एक केरळची, एक फिलिपिन्सची. पाऊस थांबायलाच तयार नव्हता पण लोक हलत नव्हते, काही तर रात्रीपासून तंबू ठोकून बसलेले. परतीच्या मिरवणुकीत ती सोन्याची बग्गी आली, १७६२ सालची आहे म्हणे, वजन चार टन, आठ पांढुरके घोडे ओढतात आणि एवढी जड की पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानेच जाते. काचेमागे पांढरे केस दिसले, हात हलताना दिसला, काही सेकंदच. आणि मला एकदम भरून आलं, राजासाठी असं नाही बाबा, तर हाच माणूस तुम्ही चर्चगेटला पाहिलाय म्हणून. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या म्हाताऱ्या इंग्रज बाईला मी सांगूनच टाकलं की माझे वडील मुंबईत डबेवाले होते आणि २००३ साली हे तेव्हा युवराज असताना आमच्या लोकांना भेटायला चर्चगेट स्टेशनवर आले होते. तिने माझा हात धरला आणि म्हणाली सांग ना अजून. मग मी पावसात उभी राहून तिला सगळं सांगितलं.

तुम्हाला आठवतं का तो दिवस आपल्या खोलीत कसा होता? मी तेव्हा शाळेत होते, अंधेरीच्या खोलीत. तुमच्या ग्रुपमध्ये आठवडाभर चर्चा होती की ते येणार पण आपली वेळ मोडायची नाही, डबे उतरल्यावर आणि वाटायला निघायच्या आधी जेवढा वेळ मिळेल तेवढाच. आणि तसंच झालं. ते आले, तुमच्या लोकांशी बोलले, काम कसं चालतं ते विचारून घेतलं, वीसेक मिनिटांत सगळं आटोपलं आणि तुम्ही सगळे आपापल्या लाईनवर गेलात. तुम्ही मागच्या रांगेत होतात, हात मिळवायला नाही मिळाला तुम्हाला. रात्री घरी आल्यावर आईने पहिलं विचारलं, दिसले का? आणि तुम्ही टोपी काढून खुंटीला लावत म्हणालात, दिसले, आणि नरिमन पॉइंटचा एकही डबा उशिरा गेला नाही.

ते वाक्य मी कधीच विसरले नाही. त्या वयात मला तुमचं काम म्हणजे पहाटे उठणं, सायकल, घाम आणि दुखणारी मान एवढंच माहीत होतं. डोक्यावर साठ-सत्तर किलोची लाकडी पाटी घेऊन चर्चगेटच्या गर्दीतून वाट काढणारे बाबा मी पाहिले होते आणि मला फक्त काळजी वाटायची. पण त्या दिवसानंतर पेपरमध्ये फोटो आले, शाळेत बाईंनी वर्गात विचारलं, तुझे वडील सांगतील का डब्यावरच्या खुणांचं, तर तुम्ही म्हणालात तूच सांग की, तुला येतंय. खरंच येत होतं! तुम्ही रविवारी ऑइलपेंटचा छोटा डबा आणि बारीक ब्रश घेऊन बसायचात, झाकणावरची फिकट झालेली अक्षरं पुन्हा काढायचात आणि मी झाकण घट्ट धरून बसायचे, हलायचं नाही. व्ही एल पी म्हणजे विलेपार्ले, जिथून डबा उचलला. मधला मोठा ३ म्हणजे चर्चगेट, जिथे उतरवायचा. मग ज्या गड्याने पोचवायचा त्याचा आकडा, मग इमारतीची अक्षरं, मग मजला. नाव नाही, पत्ता नाही, आणि तरी डबा तीन-चार हातांतून फिरून बरोब्बर त्याच टेबलावर जातो आणि रिकामा होऊन संध्याकाळच्या आत घरी येतो. मी वर्गात फळ्यावर हे सगळं काढून दाखवलं. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की माझ्या बाबांचं काम ही एक विद्या आहे आणि ती मला थोडी का होईना येते.

आज रोज ती विद्या वापरते मी. पेशंटला रक्त चढवायचं असेल तर आधी नाव, जन्मतारीख त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची, मग हातातल्या पट्टीवरचा हॉस्पिटल नंबर, मग पिशवीवरचा नंबर, एकेक आकडा बोट ठेवून ताडायचा. कितीही घाई असो, कितीही ओळखीचा पेशंट असो. इथे हे ट्रेनिंगमध्ये शिकवतात, मला ते नवीन वाटलंच नाही कारण तुम्ही म्हणायचात की कुणाच्या डब्यात डायबिटीसचं पथ्य असतं, कुणाच्यात उपवासाचं, चुकीचा डबा गेला तर तो माणूस उपाशी राहतो नाहीतर आजारी पडतो. रात्री तीन वाजता डोळे मिटायला लागतात तेव्हा हेच आठवतं आणि बोट परत पहिल्या आकड्यावर जातं.

आणि २००५ चं लग्न! आई, तुला ते जास्त आठवत असेल. आपल्या डबेवाल्यांच्या असोसिएशनच्या रघुनाथ मेदगे आणि सोपान मरे यांना चार्ल्स आणि कॅमिलाच्या विंडसरच्या लग्नाचं आमंत्रण आलं, पोपच्या अंत्यविधीमुळे लग्न एक दिवस पुढे ढकलून ९ एप्रिलला झालं, आणि तुम्ही बायका रोज नळावर एकच बोलायचात की नवरीला साडी कुठली द्यायची. साडी आणि फेटा गेला आपल्याकडून. आपल्या जत्रेचे दिवस होते, निम्मे डबेवाले गावी, आणि गावात ज्याच्या त्याच्या तोंडी लंडन. मला वाटतं त्याच दिवसांत माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की लंडन म्हणजे नुसतं पुस्तकातलं गाव नाही, आपल्या मावळातला, खेडचा माणूस तिथे पाहुणा म्हणून जाऊ शकतो. मी नर्सिंगला गेले, परीक्षा दिल्या, इथे आले, त्यात पैसा आणि नोकरी हे होतंच, पण बीज तिथलं आहे. यंदाही आपल्या लोकांनी राजासाठी पुणेरी पगडी आणि वारकऱ्यांचं उपरणं घेतलं, दादाने व्हिडिओ पाठवला, तो मी वॉर्डात सगळ्यांना दाखवला.

पण बाबा, खरं बळ म्हणाल तर ते गाण्याचं आहे. म्हणजे तुमच्या भजनाचं.

लहानपणी सुट्टीत एकदा तुम्ही मला तुमच्याबरोबर लगेजच्या डब्यातून नेलं होतं. लोकल भरधाव, दार उघडं, पाट्या एकावर एक रचलेल्या, आणि बांद्रा सुटल्यावर तुमच्यातल्या कुणीतरी टाळ काढले. जय जय राम कृष्ण हरी झालं, मग रूपाचा अभंग, पखवाज नव्हता तर पाटीच्या फळीवर ठेका. रुळांचा आवाज एवढा की शेजारचा माणूस बोललेलं कळत नव्हतं पण तुमचा आवाज वरून स्पष्ट यायचा. तुम्ही पट्टी उंच धरायचात, मागचे उचलायचे, लय हळूहळू वाढायची. सगळ्यांचे सदरे पांढरे, टोप्या पांढऱ्या, कपाळावर गंध, आणि चेहरे असे उजळलेले की काम करायला चाललेत असं वाटू नये. दादर आलं की टाळ खिशात, माणसं पाट्यांना भिडलेली, आणि गाडी सुटली की पुन्हा तोच अभंग, जिथे सोडला त्याच ओळीपासून. कुणी आठवण करून द्यायचं नाही.

२०२० साली मी आयसीयूत होते. तिकडे मार्चमध्ये लोकल बंद झाल्या, डबे बंद झाले, तुम्ही गावी गेलात आणि मग ते काम परत धरलंच नाहीत. त्या वर्षी पायी वारी नव्हती, माऊलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, आणि आई म्हणाली होती की तुझे बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. आणि मग तुम्ही तो आवाज पाठवलात. ओट्यावर बसून, देऊळ बंद, मंडळी नाही, एकट्याने, फक्त टाळ, मागे आपल्या गाईचा हंबरडा आणि मध्येच आईने भांडं ठेवल्याचा आवाज. तुम्ही म्हणालात मंडळी नसली म्हणून काय झालं, नेम चुकवायचा नाही.

आई, तुला मी तेव्हा सांगितलं नाही, काळजी केली असतीस. माणसं जायची गं. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, मग आम्हीच त्यांचा हात धरून बसायचो. बाहेर येऊन मास्क काढला की नाकावर, गालावर वळ उठलेले असायचे आणि बोलायला काही नसायचं. ब्रेकरूममध्ये खुर्चीत बसून मी बाबांचं रेकॉर्डिंग लावायचे. ही फिलिपिन्सची मैत्रीण एकदा शेजारी येऊन बसली, तिने एक इयरफोन मागितला, पूर्ण ऐकलं, एक शब्द कळत नव्हता तिला, डोळे मिटून बसली होती. संपल्यावर म्हणाली मला पाठव. तिच्या फोनमध्ये अजून आहे ते. आम्ही दोघी ते ऐकून उठायचो, नवीन ग्लोव्हज घालायचो आणि आत जायचो. तुम्ही ओट्यावर एकट्याने नेम केलात तो इथे दोघींच्या कामी आला बाबा.

म्हणूनच शनिवारी आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. मिरवणुकीच्या आधी चर्चमधला सोहळा शेजारच्या मोबाईलवर चालू होता. राजाला तेल लावण्याचा विधी असतो, तो सगळ्यात पवित्र मानतात, कॅमेऱ्यालाही दाखवत नाहीत, तीन बाजूंनी पडदे धरतात. त्याच्या आधी अंगावरची सगळी भरजरी वस्त्रं उतरवली आणि तो माणूस साध्या पांढऱ्या शर्टात उभा राहिला. आणि तेव्हा ते गाणं सुरू झालं, हँडेल नावाच्या संगीतकाराने १७२७ साली रचलेलं, तेव्हापासून इथल्या प्रत्येक राज्याभिषेकाला गातात. आधी नुसती व्हायोलिनं, एकच लाट सारखी उचलत, वाढत, आता होईल मग होईल करत किती वेळ, आणि मग एकदम सगळे गायक एका दमात. रस्त्यावरची गर्दी गप्प झाली. माझ्या अंगावर काटा आला कारण लय अशी धरून ठेवायची आणि मग सगळ्यांनी मिळून उसळायचं, हे मी ओळखते. तुमच्या गजरात हेच होतं. मला त्या क्षणी राजवाडा, बग्गी काही दिसत नव्हतं, बांद्र्यानंतरची लोकल दिसत होती. मी ते गाणं लिंक करून दादाला पाठवलंय, बाबा तुम्ही जरूर ऐका, सुरुवातीला घाई करू नका, पूर्ण ऐका, आणि तुम्हाला काय वाटतं ते मला सांगा. तुमचं मत मला कुठल्याही जाणकाराइतकंच महत्त्वाचं आहे.

त्या इंग्रज बाईने जाताना विचारलं, तुझ्या वडिलांना आवडेल का मी त्यांना पत्र पाठवलं तर. मी हो म्हटलं आणि गावचा पत्ता दिला. तेव्हा परदेशी तिकिटाचं पाकीट आलं तर पोस्टमनला ते आपलंच आहे म्हणून सांगा. उत्तर मराठीत लिहा, मी इथे तिला वाचून दाखवीन.

आता काम सांगते. आषाढीच्या आधी मंडळी जमली की दादाला मोबाईल पखवाजापासून थोडा लांब ठेवायला सांगा, मागच्या वेळी पखवाजच जास्त आला आणि तुमचा आवाज दबला. पंचपदी सगळी घ्या, भैरवीपर्यंत, मध्ये कापू नका. आईला म्हणावं तूही गौळण म्हण, तुझ्या आवाजातली एकही माझ्याकडे नाही. थंडीत घालायला दोघांसाठी लोकरीचे मोजे पाठवलेत, बाबांचे निळे. आणि खांदा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे जायचं होतं ते झालं का, दादाला विचारलं तर तो हसतो. या आठवड्यात जाऊन या आणि एक्सरेचा फोटो मला पाठवा.

तुमची लेक